स्कोपची अर्थची पिन काढू का? आधी काळी क्लिप कुठे जोडलेली आहे ते बघा

तुमचा प्रश्न मला असा समजला. कोपरखैरणेला घरीच इंडक्शन शेगड्या दुरुस्त करता. नुकताच एक जुना, दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा तरंग पडद्यावर दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) घेतलात. बंद पडलेल्या शेगडीची ५ व्होल्टची लाइन बघायची म्हणून प्रोबची (स्कोपच्या मोजायच्या तारेची) काळी क्लिप बोर्डाच्या ग्राउंडला लावली, तर मोठा आवाज झाला, क्लिपचं टोक वितळलं आणि घरातला आरसीसीबी (करंट गळाला की पुरवठा तोडणारा स्विच) पडला. स्कोप अजून चालतोय. ओळखीच्या दुकानदाराने सांगितलं, "स्कोपच्या प्लगची अर्थची पिन काढून टाक, सगळे तेच करतात." हे करावं का, आणि मुळात पाचच व्होल्ट बघत होतो तर एवढा भडका कसा उडाला, हे तुम्हाला हवंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. पिन काढू नका. काढली असेल तर आजच नवीन तीन पिनी प्लग बसवा आणि तोवर स्कोप लावू नका. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबेल, पण ते नीट समजलं तर पहिला प्रश्न पुन्हा पडणार नाही. मी १९९८ पासून हेच काम करते. आधी रबाळ्याला एका यूपीएस बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस विभागात होते, आता वागळे इस्टेटमध्ये माझं स्वतःचं बेंच आहे. तुमच्यासारखी वितळलेली क्लिप घेऊन येणारी मुलं दर वर्षी दोन-तीन तरी भेटतात. सगळ्यांची चूक एकच असते, आणि ती निष्काळजीपणाची नसते. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आपण सगळे मल्टिमीटरवर शिकतो. मल्टिमीटरच्या लाल आणि काळ्या लीड दोघी सारख्याच परक्या असतात. मीटर सेलवर चालतो, त्याचा घराच्या वायरिंगशी संबंध नाही. काळी लीड कुठेही लावा, ती फक्त "इथून मोज" एवढंच सांगते. मग स्कोप हातात आला की त्याची काळी क्लिपही तशीच वाटते. पण टेबलावरच्या, थ्री-पिनवर चालणाऱ्या स्कोपची काळी क्लिप प्रोबच्या जाळीतून बीएनसीच्या (प्रोब जोडायच्या सॉकेटच्या) बाहेरच्या कड्याला जाते, तिथून स्कोपच्या धातूच्या सांगाड्याला, तिथून प्लगच्या मोठ्या पिनेला आणि तिथून थेट तुमच्या घराच्या अर्थिंगला. दोन्ही चॅनेलच्या क्लिपा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. मागच्या यूएसबी सॉकेटचं कवचही त्याच तारेवर असतं. म्हणजे ही क्लिप जिथे लावाल, ती जागा तुम्ही जमिनीला जोडलीत. स्कोपला हे विचारायची सोय नाही.

आता शेगडीकडे या. आपल्याकडचा २३० व्होल्टचा पुरवठा ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांमधून) जातो आणि त्याची शिखरं ३२५ व्होल्टपर्यंत येतात. ज्याला आपण बोर्डाचं ग्राउंड म्हणतो तो ब्रिजचा निगेटिव्ह. एका अर्ध्या सायकलमध्ये तो डायोडमधून न्यूट्रलला चिकटलेला असतो, पुढच्या अर्ध्या सायकलमध्ये डायोडमधूनच फेजला चिकटतो. तेव्हा जमिनीच्या हिशेबाने तो उणे ३२५ व्होल्टपर्यंत खाली जातो. सेकंदाला पन्नास वेळा त्याचं हे जाणं-येणं चालू असतं. बहुतेक इंडक्शन शेगड्यांमध्ये १८ व्होल्ट आणि ५ व्होल्टचा पुरवठा याच निगेटिव्हवर उभा असतो, मध्ये आयसोलेशन (घरच्या पुरवठ्यापासून वेगळं करणारा अडसर) नसतं. कंट्रोलर, पंखा, वरचं बटणांचं पॅनेल, सगळंच त्यावर. दुकानात याला हॉट ग्राउंड म्हणतात. तुमचे पाच व्होल्ट खरेच पाच होते, पण ते या हॉट ग्राउंडपासून मोजलेले पाच. पुरात वाहत चाललेल्या होडीत उभ्या माणसाची उंची पाचच फूट असते, म्हणून त्याच्या डोक्याचा काठाशी संबंध ठरत नाही, तसंच हे.

तुम्ही क्लिप लावलीत आणि हॉट ग्राउंड जमिनीला बांधलंत. फेज उणे झाली त्या अर्ध्या सायकलला अर्थिंगमधून स्कोप, स्कोपमधून क्लिप, क्लिपमधून डायोड आणि डायोडमधून फेज असा सरळ रस्ता उघडला. मध्ये वायरींचा रोध सोडला तर अडवणारं काही नव्हतं. अर्धी सायकल १० मिलिसेकंदांची, म्हणून तुम्हाला वाटलं की क्लिप टेकताक्षणी भडका उडाला. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरवर पडतो खरा, पण पडायला त्याला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात किती करंट जावा यावर त्याचा काहीच ताबा नसतो. क्लिप त्या वेळात वितळली. शेगडीच्या ब्रिजमधला एखादा डायोडही शॉर्ट झाला असण्याची बरीच शक्यता आहे. मूळ दोष शोधण्याआधी तो मीटरने तपासा, नाहीतर पुढच्या वेळी प्लग लावताच एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच) पडेल आणि तुम्ही भलत्याच जागी दोष शोधत बसाल.

इथे दुकानदाराचा सल्ला येतो. पिन काढली की तो रस्ता तुटतो, ठिणगी उडत नाही, आरसीसीबी पडत नाही, स्क्रीनवर लाइन दिसते. म्हणून लोकांना वाटतं की प्रश्न सुटला. पण हॉट ग्राउंड कुठेही गेलेलं नाही. आता त्याच्याबरोबर स्कोपचा सांगाडाही उणे ३२५ पर्यंत खाली-वर होतोय. बीएनसीची कडी, मागचे स्क्रू, यूएसबीचं कवच, प्रोब जुळवायची समोरची पट्टी आणि बेंचवर नुसती लोंबत असलेली दुसऱ्या प्रोबची क्लिप, सगळं जिवंत. जी गोष्ट तुम्ही दिवसभर बोटांनी फिरवणार, तीच फेजला बांधलीत.

नुसती पिन काढली आणि क्लिप कुठेच लावली नाही तरीही स्कोप निर्धोक राहत नाही. त्याच्या पॉवर सप्लायच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेजपासून सांगाड्याला एक आणि न्यूट्रलपासून सांगाड्याला एक असे छोटे वाय कपॅसिटर असतात. अर्थ असेल तर त्यांची किरकोळ गळती जमिनीत जाते. अर्थ नसेल तर सांगाडा या दोघांच्या मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. २.२ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टला जेमतेम ०.१६ मिलिअँपिअर जातात, म्हणून जीव जात नाही, फक्त मुंग्या येतात. अर्थ नसलेल्या सॉकेटवर कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला की येतात त्याच या मुंग्या. तुमच्या स्कोपला हात लावताना आत्ता कधी अशा मुंग्या आल्या असतील तर ते घराचं अर्थिंग तपासायचं लक्षण आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

एक प्रसंग सांगते. २००३ चा पावसाळा होता, रबाळ्याच्या त्याच कंपनीत. आमच्या टेस्टिंग बेंचवरच्या स्कोपला अर्थची पिन नव्हती. मी रुजू होण्याआधीपासून नव्हती, आणि आम्ही कुणी कधी विचारलंही नाही. मी एका यूपीएसच्या डीसी बसच्या (रेक्टिफायरनंतरच्या मुख्य लाइनच्या) निगेटिव्हला क्लिप लावून तरंग बघत होते. माझा सहकारी दुसरा प्रोब जोडायला आला. डावा हात यूपीएसच्या लोखंडी कॅबिनेटवर टेकवला आणि उजव्या हाताने दुसऱ्या चॅनेलची बीएनसी धरली. कॅबिनेट व्यवस्थित अर्थ केलेलं होतं. करंट एका हातातून आत, छातीतून आरपार, दुसऱ्या हातातून बाहेर. शरीराचा रोध दोन हजार ओहम धरला तरी २३० व्होल्टला शंभराहून जास्त मिलिअँपिअर होतात, आणि एवढ्यात हृदयाचा ठोका बिघडतो. तो मागे फेकला गेला, हात सुटला, म्हणून वाचला. दोन दिवस दवाखान्यात होता. त्याच्या तळहातावर बीएनसीच्या कड्याचा गोल डाग आजही आहे. यूपीएस नादुरुस्त नव्हता, स्कोप नादुरुस्त नव्हता, त्याने कुठल्याही उघड्या तारेला हात लावला नव्हता. क्लिप मी लावली होती. "सगळे तेच करतात" हे वाक्य कुणी म्हटलं की मला तो डाग दिसतो. म्हणून या बाबतीत मी मधला मार्ग सांगत नाही.

मग हॉट ग्राउंडवर काम करायचंच नाही का? करायचं. काहीतरी तरंगतं ठेवायचं असेल तर दुरुस्तीची वस्तू तरंगती ठेवा, मापन करणारा स्कोप जमिनीलाच राहू द्या. हे कसं जमवायचं ते तुम्ही काय मोजताय, किती वेळ मोजताय आणि जवळ काय आहे यावर ठरतं.

माझ्या बेंचवर पहिला प्रश्न असा असतो की मेन्स, म्हणजे घरचा २३० व्होल्टचा पुरवठा, लावायची गरज आहे का. तुमच्या ५ व्होल्टच्या तक्रारीत तर मुळीच नव्हती. शेगडीचा प्लग सॉकेटमधून काढा. नुसता स्विच बंद करू नका, कारण स्विच एकच तार तोडतो आणि वायरिंग उलटं असेल तर नेमकी चुकीची तोडतो. प्लग डोळ्यासमोर टेबलावर ठेवा. कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करा. मग बेंच सप्लायवरून (व्होल्टेज आणि करंट ठरवता येणाऱ्या टेबलावरच्या पुरवठ्यावरून) १८ व्होल्ट, करंटची मर्यादा २०० मिलिअँपिअरच्या आसपास ठेवून, बोर्डाच्या १८ व्होल्टच्या लाइनवर द्या. पंखा फिरायला लागला तर मर्यादा थोडी वाढवावी लागेल. थेट ५ व्होल्टच्या लाइनवर बाहेरून देऊ नका, रेग्युलेटरमध्ये उलट्या दिशेने करंट शिरतो आणि तो बिघडू शकतो. आता हे ग्राउंड थंड आहे. स्कोपची क्लिप निर्धास्त लावा. ५ व्होल्ट येतात का, बसतात का, कंट्रोलरचा क्लॉक चालतो का, पॅनेल आणि बझर जागे होतात का, हे सगळं दिसेल. बोर्ड मेन्स नसल्याचा एरर दाखवेल आणि कॉइल चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या गेटचे पल्स बहुधा देणार नाही, तिथे या पद्धतीची हद्द संपते. पण शेगडीचे बरेचसे दोष या हद्दीच्या आतच सापडतात. घाईत आपण हे विसरतो आणि थेट प्लग लावतो.

मेन्सवर मोजावंच लागलं तर दुसरा प्रश्न असा की आकडा हवाय की आकार. नुसता आकडा हवा असेल, म्हणजे बसवर ३२० व्होल्ट आहेत का, १८ चे १२ झालेत का, तर मल्टिमीटर पुरे. तोच मीटर ज्याची काळी लीड परकी असते. फक्त त्याच्यावर कॅट-२ किंवा कॅट-३ आणि किमान ६०० व्होल्ट लिहिलेलं असावं. कॅट-२ सॉकेटला लावलेल्या उपकरणांसाठी, कॅट-३ इमारतीच्या वायरिंगसाठी आणि डीबीसाठी (वितरण पेटीसाठी). लीडवरही तेच लिहिलेलं पाहिजे. चांगल्या मीटरला फुटपाथवरच्या लीड लावल्या की रेटिंग लीडचंच राहतं.

आकार बघायचा असेल तर डिफरन्शियल प्रोब. याच्या दोन्ही लीड काही मेगाओहमांच्या रोधातून आत जातात, आतलं सर्किट दोघांतला फरक काढतं आणि तेवढाच स्कोपला देतं. स्कोप अर्थवरच राहतो, हॉट ग्राउंड हॉटच राहतं, दोघांची गाठ पडत नाही. तुम्ही विचारलं नाहीत, पण पैसे साठवून आधी काय घ्यावं असं विचारलंत तर मी हाच घ्या म्हणेन, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (ज्याची दोन वाइंडिंग एकमेकींना तारेने जोडलेली नसतात) नंतर. कारण ट्रान्सफॉर्मरवर काम करताना काही गोष्टी सतत लक्षात ठेवाव्या लागतात, आणि दिवसाच्या शेवटी, दहाव्या शेगडीवर, लक्षात राहत नाही. प्रोब घेताना दोन लीडमधल्या व्होल्टेजबरोबर प्रत्येक लीडचं जमिनीपासूनचं रेटिंगही बघा. इंडक्शनच्या आयजीबीटी (कॉइल चालवणारे ट्रान्झिस्टर) १२०० व्होल्टच्या असतात त्याला कारण आहे, कलेक्टरवर हजारच्या आसपास शिखरं येतात. वापरायला काढलात की आधी दोन्ही लीड हॉट ग्राउंडच्या एकाच बिंदूला लावा. खरं तर शून्य दिसायला हवं. जे काही दिसेल ती प्रोबची चूक. तेवढं पुढच्या प्रत्येक मापनात मनातून वजा करायचं. हे न करता "बोर्डावर फार नॉइज आहे" म्हणून चांगले पार्ट बदलणारे मी पाहिलेत.

डिफरन्शियल प्रोब येईपर्यंत तुमच्याच स्कोपवर एक उपाय आहे. दोन्ही प्रोब १० पटीवर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवर) ठेवा, दोन्हींच्या काळ्या क्लिपा प्रोबवरून काढून खणात टाका, कारण लोंबती राहिली तर नको तिथे टेकणारच. दोन्ही चॅनेल एकाच व्होल्ट-प्रति-डिव्हिजनवर ठेवा. आधी स्कोपच्या चौकोनी तरंगावर दोन्ही प्रोब सारखे जुळवा. मग एक टोक हव्या त्या बिंदूवर, दुसरं हॉट ग्राउंडवर, आणि मॅथमध्ये पहिल्यातून दुसरा वजा. हिरव्या पडद्याच्या जुन्या स्कोपवर दुसरा चॅनेल उलटा करून बेरीज करावी लागते. ५ व्होल्टमधला बारीक रिपल (चढउतार) यात दिसणार नाही, कारण तीनशेतून तीनशे वजा करून पाच शोधायचे म्हणजे थोडासा फरकही मोठा ठरतो. बस व्होल्टेजचा आकार किंवा ब्रिजची वागणूक बघायला चालतं. प्रोबवर लिहिलेलं कमाल व्होल्टेज वाचा, ते बहुतेक ३०० किंवा ६०० असतं, आणि फ्रिक्वेन्सी वाढली की कमी होतं. आयजीबीटीच्या कलेक्टरवर हे प्रोब नकोत, तिथे शंभर पटीचाच हवा.

आता आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. याबद्दल गैरसमज सर्वात जास्त, म्हणून थोडं थांबते.

आधी काय आयसोलेशन नाही ते सांगते. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) नाही, त्यात एकच वाइंडिंग असतं, न्यूट्रल आरपार जातो. सर्वो स्टॅबिलायझरवर विसंबू नका, तोही बहुधा अशाच एका वाइंडिंगच्या ऑटोट्रान्सफॉर्मरवर चालतो. घरचा इन्व्हर्टर नाही, मेन्स असताना तो नुसता पुढे ढकलतो. सिरीज बल्ब, म्हणजे पुरवठ्याच्या एका तारेत मध्येच जोडलेला बल्ब, तोही नाही. आपल्या सगळ्या दुकानांत सिरीज बोर्ड असतो आणि असावाच. शेगडीत शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि आयजीबीटी वाचते. पण तो शेगडीचं रक्षण करतो, तुमचं नाही. १०० वॅटच्या बल्बमधून ०.४ अँपिअरहून जास्त जाऊ शकतात, आणि माणसाचा जीव जायला त्याचा चौथा हिस्साही पुरतो.

खऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही वाइंडिंगमध्ये, आणि दुसऱ्या बाजूच्या कुठल्याही टोकापासून अर्थपर्यंत, मीटरने काहीही कंटिन्यूटी येऊ नये. हे विकत घेताना दुकानातच तपासा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर म्हणून मिळणाऱ्या काहींमध्ये दुसऱ्या बाजूचा न्यूट्रल आतून अर्थला बांधलेला असतो. मशीनला स्वच्छ पुरवठा द्यायला ते ठीक, आपल्या कामाला निरुपयोगी, कारण आयसोलेशन तिथेच संपलं. शेगडी पूर्ण जोराने चालवायची तर २ केव्हीए लागेल, तो जड आणि महाग. भांडं न ठेवता काम भागत असेल तर ५०० व्हीए पुरतो. दुसऱ्या बाजूला फ्यूज हवाच.

आता तो ट्रान्सफॉर्मर लावला, शेगडी तरंगली, स्कोपची क्लिप हॉट ग्राउंडला लावली. ठिणगी नाही. छान. पण याच क्षणी शेगडी तरंगायची थांबली. तुम्ही तिचा एक बिंदू जमिनीला बांधलात. आता बसचा पॉझिटिव्ह जमिनीपासून बरोब्बर ३२५ व्होल्टवर आहे. त्याला बोट लागलं आणि पाय ओल्या फरशीवर असले तर झटका पूर्ण बसेल, आणि आरसीसीबी पडणार नाही. तो ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे बसलाय, त्याच्या दृष्टीने जेवढं गेलं तेवढंच परत आलं. क्लिप लावली नसती तरी फेज-न्यूट्रलची दोन टोकं दोन हातांना लागली तर तो पडत नाहीच. म्हणजे ट्रान्सफॉर्मरने तुमचा स्कोप वाचतो आणि पहिल्या चुकीच्या स्पर्शाला तुम्हीही वाचू शकता. पण त्याच वेळी एक पहारेकरी कामावरून उठवलेला असतो. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरवर काम करताना प्रोब लावायचा तो पुरवठा बंद करून, मग हात बाजूला आणि पुरवठा चालू. चालू बोर्डात प्रोब टोचत फिरायचं नाही. दोन क्लिपा दोन वेगळ्या बिंदूंना कधीच नाही, त्या आतून एकच आहेत.

बॅटरीवर चालणारे छोटे स्कोपही लोक सुचवतील. ज्यांचे कनेक्टर पूर्ण प्लॅस्टिकने झाकलेले असतात आणि वर कॅट रेटिंग छापलेलं असतं ते या कामासाठीच बनवलेले असतात, घ्या. पण ज्याची बीएनसी उघड्या धातूची आहे तो हॉट ग्राउंडला लावला की पिन काढलेल्या मोठ्या स्कोपसारखाच, फक्त आकार लहान. लॅपटॉपला जोडायच्या यूएसबी स्कोपचं तर विचारूच नका. त्याचं ग्राउंड म्हणजे लॅपटॉपचं ग्राउंड, आणि तीन पिनी चार्जर लावलेला असेल तर बहुधा तेच घराचं अर्थिंग. ऐरोलीचा एक विद्यार्थी माझ्याकडे मदरबोर्ड जळलेला लॅपटॉप घेऊन आला होता. त्याने स्कोप नव्हताच लावला. वायफायवर चालणाऱ्या स्मार्ट प्लगमध्ये नवा प्रोग्रॅम भरायला यूएसबीची तार जोडली होती, प्लग मेन्सला असताना. त्या प्लगमधल्या चिपचे ३.३ व्होल्टही तुमच्या पाचसारखेच हॉट ग्राउंडवर उभे होते. एलईडी बल्बचे ड्रायव्हर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डासांचं रॅकेट चार्जिंगला लावलेलं असताना, सगळीकडे हेच धरून चाला. ट्रान्सफॉर्मर डोळ्यांना दिसत नाही आणि ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पलीकडे पोचवणारा पार्ट) सापडत नाही तोवर ग्राउंड हॉटच मानायचं.

कपॅसिटरबद्दल थोडक्यात. शेगडीत बसवरचा कपॅसिटर लहान, काही मायक्रोफॅरडचा असतो. पण टीव्ही किंवा एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरसारख्या उपकरणांच्या पॉवर सप्लायमध्ये) १०० मायक्रोफॅरड ३२५ व्होल्टला म्हणजे पाच जूल, प्लग काढल्यावरही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. २.२ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रोध दोन इन्सुलेटेड लीडना जोडून ठेवा, दोन सेकंद धरला की काम होतं. नंतर मीटरने बघा, दर वेळी.

राहिलं घराचं अर्थिंग, कारण वरचं सगळं त्या मोठ्या पिनेच्या मागे खरंच काही आहे या विश्वासावर उभं आहे. सॉकेटवर मीटर लावा. समोरून बघताना अर्थ वर असेल तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल पाहिजे. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखे यावेत, न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ ९०-१२० असं भटकत असेल तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे आणि मीटर हवेतलं व्होल्टेज दाखवतोय. आकडे ठीक आले तरी मीटरने फक्त तार आहे एवढं कळतं, ती मोठा करंट पेलते का ते नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबाच, पण त्याने यंत्रणा हलते का हेच कळतं, तुमच्या अर्थिंगशी त्याचा संबंध नाही. खरी तपासणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, लूप टेस्टरने (अर्थिंगच्या वाटेचा रोध मोजणाऱ्या यंत्राने). फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघायचा जुना प्रकार करू नका. अर्थ मध्येच तुटलेली असेल तर तुम्ही त्या तारेवरच्या सगळ्या उपकरणांच्या धातूला फेज पोचवता, फ्रिजपासून वॉशिंग मशीनपर्यंत. आपल्या खाडीकाठच्या दमट, खारट हवेत मीटर रूममधली लोखंडी पट्टी जोडावर गंजून सुटलेली मी वाशीतही पाहिली आणि ठाण्यात नौपाड्यातही. सोसायटीकडे हा विषय काढा, तो फक्त तुमच्या बेंचपुरता नाही.

आता तुमचा स्कोप. तो चालतोय म्हणून वापरायला लागू नका, हे सर्वात महत्त्वाचं आहे. त्या दिवशीचा करंट त्याच्या आतून गेलाय. बीएनसीपासून सांगाड्यापर्यंतचा ट्रॅक किंवा जोड त्यात उडाला असेल तर स्क्रीनवर काहीच फरक दिसणार नाही, पण काळी क्लिप आणि अर्थ यांचा संबंध तुटलेला असेल. म्हणजे पिन न काढताच तुमच्याकडे पिन काढलेला स्कोप आला, आणि तुम्हाला ते माहीत नाही. प्लग काढून, मीटर ओहमवर ठेवून, दोन्ही चॅनेलच्या बीएनसीच्या कड्यापासून प्लगच्या मोठ्या पिनेपर्यंत मोजा. लीडचा रोध वजा जाता अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी यायला हवा. तार हलवून बघा, आकडा उडता कामा नये. मग बीएनसीच्या कड्यापासून प्लगच्या दोन्ही छोट्या पिनांपर्यंत, तिथे कंटिन्यूटी मुळीच येऊ नये. वितळलेली क्लिप बदलून उपयोग नाही, तो प्रोबच टाका, त्याच्या जाळीचं आत काय झालंय ते कळत नाही.

हे आकडे आणि ब्रिज शॉर्ट आहे की नाही, एवढं मोजून कळवा. सोबत बोर्डावर १८ व्होल्ट तयार करणाऱ्या आठ पायांच्या चिपचा नंबरही लिहा. तुमचे ५ व्होल्ट का येत नाहीत ते बहुधा तिथूनच सापडेल, आणि ते शोधायला मेन्स लावावी लागणार नाही.